बाकी काय?

कराडच्या एसटी स्टँडवर तुम्ही कधी गाडीची वाट बघत उभे राहिला असाल, तर माझी बायको तुमच्याशी बोललेली आहे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पाटणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागत आहे." सव्वीस वर्षं ती हे बोलली. गावात तिचा चेहरा फारसा कुणाला माहीत नाही, पण आवाज पोराटोरांना पाठ. तिचं नाव शैलजा. मी जयवंत शेवाळे, शेवाळे साउंड सर्व्हिसचा मालक. लग्न, बारसं, गणपती, सभा, जिथं म्हणून आवाज मोठा करायचा तिथं मी.

आता माझा स्वभावही सांगून टाकतो, पुढं उपयोगी पडेल. मी बोलका माणूस. फोन उचलला की "बाकी काय?" म्हणायचं आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत आपलंच सुरू करायचं, ही माझी खोड. आमची तेजल पुण्यात असते. ती म्हणायची, "बाबा बाकी विचारतात आणि बाकी स्वतःच सांगतात." मी हसायचो. एकतीस वर्षांच्या संसारात आमच्यात एकदाही भांडण झालेलं नाही, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगायचो. शैला शेजारी बसून मान हलवायची.

मागच्या वर्षी तिचा आवाज बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या, ओवा झाला. शेवटी मिरजेला डॉक्टर कित्तूरांकडे गेलो. त्यांनी घशात नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्यानं आम्हाला समोर बसवून सांगितलं. स्वरयंत्राचा कॅन्सर.

"दोन वाटा आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक, स्वरयंत्र काढून टाकायचं. आजार मुळासकट जाण्याची शक्यता जास्त, पण आवाज जाईल. दुसरी, किरणं आणि औषधं. आवाज बहुतेक राहील, पण आजार परत येण्याचा धोका—"

"ऑपरेशन," मी म्हणालो. डॉक्टरांचं वाक्य अजून संपलं नव्हतं. "आवाजाचं काय घेऊन बसलाय डॉक्टर? माणूस पाहिजे."

डॉक्टरांनी शैलाकडे बघितलं. "ताई?"

"ती हो म्हणतीय," मी म्हणालो. शैलानं मान हलवली. पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घेऊन मी ढसाढसा रडलो आणि शैला माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कॅन्सर कुणाला झालाय ते बाहेरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

इस्पितळात नाझनीन मुल्ला नावाच्या वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत. त्यांनी आम्हाला थांबवून एक नवी गोष्ट सांगितली. "काका, दोन्ही अंगठे कानांत घाला आणि मुठी करकचून आवळा."

मी आवळल्या. लांबून मालट्रक जावा तशी घरघर ऐकू आली.

"हा तुमच्या स्नायूंचा आवाज. स्नायू काम करताना बोलतात, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. आपण 'आई' म्हणायच्या आधी जीभ, हनुवटी, मान सगळी जागा घेतात. निमिषभर आधी. ऑपरेशननंतर काकूंचं स्वरयंत्र जाईल, पण जीभ राहील, हनुवटीखालचे स्नायू राहतील. ते पूर्वीसारखेच तयारी करतील. ती तयारी ऐकून यंत्र काकूंच्याच आवाजात बोलेल. फक्त यंत्राला आधी शिकवायला हवं. आवाज आहे तोवर सहाशे वाक्यं बोलून घ्यायची. एकीकडे वाक्य, दुसरीकडे स्नायूंची कुजबुज. जोडी लावत लावत यंत्र शिकतं."

त्यांच्या खोलीची प्रतीक्षायादी दोन महिन्यांची होती. "घरी रेकॉर्ड केलंत तरी चालेल. उलट घरी माणूस मोकळं बोलतं. तुम्ही तर आवाजातलेच." त्यांनी जोंधळ्याच्या दाण्याएवढे चोवीस माईक लावलेली एक अर्धगोल चौकट दिली. खुर्चीत बसलं की ती मानेभोवती प्रभावळीसारखी यायची. "माईकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा इंटरफेस मात्र तुमचा तुम्ही घ्या. आठ चॅनेलचा तरी. आणि वाढवता येईल असा."

माझी सगळी हयात मिक्सरवर गेली, त्यामुळं मला वाटलं, त्यात काय एवढं. कोल्हापूरला जाऊन आठ चॅनेलचा डबा आणला. दुकानदार सांगत होता की मागच्या बाजूला प्रकाशाच्या तारेची दोन भोकं असलेलाच घ्या, पुढं आणखी डबे जोडता येतील. मी म्हटलं, एकट्या बाईच्या आवाजाला आठ बक्कळ झाले. तरी त्यानं भोकंवालाच गळ्यात मारला. त्याचं भलं होवो.

झोपायच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. "दूध उतू गेलं." "दार लावून घे." "आज कोणता वार?" शैलाचा घोगरा आवाज, एकेक वाक्य. मधेमधे मी गप्पा मारून तिला हसवायचो.

पहिल्या दिवसाचं काम नाझनीन मॅडमनी तपासलं आणि फोन केला. "काका, आठ पुरणार नाहीत."

कारण साधं होतं. शाळेत गणित असायचं ना, दोन अज्ञात संख्या शोधायच्या तर दोन समीकरणं लागतात, तीन असल्या तर तीन. इथं प्रत्येक माईक म्हणजे एक समीकरण. खोलीतला प्रत्येक आवाज म्हणजे एक अज्ञात. शैलाचा स्वर, श्वास, काळजाचा ठोका, गिळण्याचा आवाज, स्वयंपाकघरातला फ्रीज, शेजारच्या कुकरची शिट्टी, मी, माझी कुरकुरणारी खुर्ची, शिवाय जिभेचा आणि मानेचा एकेक स्नायू. आठ माईक हे सगळं सोडवू शकत नव्हते. जे सुटायचं नाही ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर सगळ्यात खाली एका पट्टीत गोळा व्हायचं. मिक्सरवर आम्ही पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ढोलकी, पेटी, निवेदक असं लिहितो, तशी मी पडद्याच्या कडेला पट्टी लावली आणि त्या खालच्या रेघेसमोर लिहिलं, 'बाकी'.

दुसरा डबा आणला. जोडला, तर आठाऐवजी चारच चॅनेल दिसले. मी दुकानदाराला फोनवर झाडलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, सॅम्पल रेट, म्हणजे आवाज मोजायचा वेग, दुप्पट ठेवलाय तुम्ही. त्या तारेतून ठरावीकच माल जातो. रेट दुप्पट केला की चॅनेल निम्मे होणारच." रेट खाली आणला, सोळा झाले. मग मधेच टिक, टिक व्हायला लागलं. तेही कळलं. प्रत्येक डबा सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाज मोजतो. दोघं आपापल्या घड्याळावर मोजायला लागले की केव्हातरी एक जण एका मापानं पुढं सरकतो आणि टिक होतं. म्हणून एका डब्याचं घड्याळ मुख्य ठेवायचं आणि दुसऱ्यानं निमूट त्याच्या मागं चालायचं.

सोळानंही भागलं नाही. 'बाकी'ची पट्टी बारीक झाली, पण हलत राहिली. तारखेला अठरा दिवस उरले होते. मी तिसरा डबा आणला. आता चोवीस.

त्या सकाळी तारा जोडून, शैलाला चौकटीत बसवून रेकॉर्डिंग चालू करताच मी तिला म्हटलं, "बघ, तीन डबे आणि घड्याळ एकच. आपल्या घरासारखं! घरात घड्याळ एकच पाहिजे, मग टिकटिक होत नाही." हा विनोद मी दुसऱ्या डब्याच्या वेळीही केला होता. शैला तेव्हाही हसली होती, आताही हसली.

चोवीस चॅनेलवर चार दिवसांत सहाशे वाक्यं पुरी झाली. फ्रीज वेगळा निघाला, श्वास वेगळा निघाला, जीभ, हनुवटी, गळा सगळे आपापल्या पट्टीत गेले. यंत्राला शैलाच्या जुन्या घोषणांच्या टेपाही ऐकवल्या होत्या, त्यामुळं त्याला तिचा निरोगी आवाज माहीत होता. पाचव्या दिवशी सकाळी ती मंडईत गेली असताना मी तपासायला बसलो. सगळं स्वच्छ. फक्त 'बाकी' हलत होती. आता तर ती जास्तच ठळक झाली होती. फ्रीज नाही, कुकर नाही, मग हे काय उरलं? स्नायूंच्या पट्टीवरून स्वर बनवायचं बटण होतं. मी ते 'बाकी'च्या पट्टीला लावलं आणि हेडफोन घातला.

"कुणाचं?"

मी दचकून मागं बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. तो शैलाचा आवाज होता. घोगरा नाही, स्टँडवरचा, खणखणीत. मी वेळ जुळवून पाहिली. माझा घड्याळाचा विनोद होता, "घरात घड्याळ एकच पाहिजे," आणि त्यानंतर ती हसली होती. हसण्याच्या आधी, निमिषभर, तिच्या गळ्यानं एक शब्द बोलायची तयारी केली होती आणि तो परत पाठवला होता. कुणाचं?

 बाकी म्हणजे खोलीतला कचरा नव्हता. ओठांपर्यंत आलेलं आणि गिळलेलं बोलणं यंत्रानं वेगळं काढलं होतं. त्याला जोडायला उच्चारलेला आवाज सापडत नव्हता, म्हणून त्यानं ते उरलेल्यात टाकलं होतं.

तेव्हाच हेडफोन काढून ठेवायला हवा होता. मी पुढं ऐकत गेलो. "आता पुरे." "हे तिसऱ्यांदा सांगताय." "चहा मला नकोय, तुम्हाला हवाय." एकदा मी कित्तूर डॉक्टरांकडची हकीकत शेजारच्या वहिनींना रंगवून सांगत होतो, शैला चौकटीत बसलेली. मी म्हणालो, "मी म्हटलं, ऑपरेशन! एका शब्दात!" बाकीच्या पट्टीवर शैला म्हणाली, "मला विचारा ना."

मग मी तेच वाक्य शोधायला लागलो. यंत्राला सांगितलं, असंच आणखी कुठं आहे? यंत्रानं चार दिवसांच्या रेकॉर्डिंगमधल्या पहिल्या तीन तासांत खुणा केल्या. एक्केचाळीस. एक्केचाळीस वेळा माझ्या बायकोनं तोंड न उघडता तेच म्हटलं होतं. कधी नुसतं "मला विचारा." कधी "एकदा तरी विचारा." मी दर वेळी बोलतच होतो. माझा आवाज वरच्या पट्टीत सलग, भरगच्च, अखंड. खाली तिचं एवढंसं वाक्य.

 एकतीस वर्षं ज्या बाईशेजारी झोपलो तिला मी आज पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तेही ती बोललेली नसताना.

दार वाजलं. शैला पिशवी घेऊन आत आली. दुसरा एखादा असता तर विचार करून, दोन दिवस थांबून बोलला असता. मी हेडफोनची पिन उपसली आणि म्हणालो, "शैला, हे ऐक," आणि बटण दाबलं.

"मला विचारा ना," खोलीभर तिचा आवाज झाला.

ती उभीच राहिली. पिशवी हळूच खाली ठेवली. "हे मी बोललेले नाही."

"तूच आहेस. बघ की, वेळ टाकलीय—"

"मी बोलले नाही, जयवंत."

लग्नात घास भरवताना उखाण्यात तिनं माझं नाव घेतलं होतं. त्यानंतर आज. एरवी अहो, नाहीतर तेजलचे बाबा. माझं नाव तिच्या तोंडून ऐकून मी त्या आवाजापेक्षा जास्त हादरलो.

"कपाट उघडून चिठ्ठ्या वाचल्या असत्यात तरी चाललं असतं," ती घोगऱ्या आवाजात, थांबत थांबत म्हणाली. "चिठ्ठी निदान लिहिलेली असते. हे मी कुणालाच दिलेलं नव्हतं. पोटातलं काढून घेतलंत माझ्या."

"अगं, मला काय ठाऊक की यंत्र असं—"

"कळल्यावर थांबलात?"

मी थांबलो नव्हतो. तसं सांगितलंही. खोटं मला जमत नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग चौकटीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा."

"काय?"

"तुम्ही बसा तिथं. माझं ऐकलंत ना? आता मी तुमचं ऐकते."

मी बसलो. यंत्राला माझा गळा ओळखीचा व्हावा म्हणून मला दोनशे वाक्यं वाचावी लागली. दूध उतू गेलं, दार लावून घे. दुपारपर्यंत वाचत होतो. मनात भीती होती की माझ्या पोटातलं काय काय बाहेर येईल. तिच्या माहेरच्यांविषयी, तिच्या आमटीविषयी, कोण जाणे कशाकशाविषयी. शैला पडद्यासमोर बसली. कुठलं बटण कुठं ते मला रोज बघून तिला पाठ झालं होतं. तिनं मला प्रश्न विचारले. भाऊबीजेला माझा भाऊ आला तेव्हा तुम्हाला राग आला होता का? आला होता, मी म्हणालो, आणि तेव्हाच त्याला बोललोही होतो. मी नोकरीला लागले ते आवडलं नव्हतं ना? नव्हतं, मी म्हणालो, वर्षभर रोज सांगत होतो की तुला. असे तासभर प्रश्न झाले.

मग तिनं बाकीची पट्टी वाजवली. आधी काही नाही. बराच वेळ काही नाही. मग एक ढेकर. मग पुन्हा काही नाही.

"तार सैल झाली असेल," मी म्हणालो. उठून तिन्ही डबे तपासले, प्रकाशाच्या तारा काढून पुसून लावल्या, घड्याळ बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. चोवीसच्या चोवीस माईक चालू होते.

शैलानं मला पुन्हा बसायला लावलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. "मी ऑपरेशन केलं नाही तर?"

"असं कसं? करायचंच!" तिचा शेवटचा शब्द हवेत होता तोवर माझं उत्तर बाहेर पडलं होतं.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. वरची पट्टी माझ्या आवाजानं भरलेली आणि खाली बाकीची रेघ सुतासारखी सरळ. शून्य. आयुष्यात मी एक शब्द गिळलेला नव्हता. जे आलं ते बोललो, जेव्हा आलं तेव्हा बोललो, आणि या बाईनं माझ्या वाटचंही गिळलं. म्हणून आमच्यात भांडण झालं नव्हतं.

मला रडू आलं नाही. रडायलाही मी उशीर लावत नाही, पण तेव्हा आलं नाही. मी नुसता ती रेघ बघत बसलो. शेवटी म्हणालो, "शैला, तुला काय करायचंय?"

"आता विचारलंत."

"हो. आता विचारलं."

"मला डॉक्टरांना भेटायचंय. एकटीला."

दुसऱ्या दिवशी मिरजेला ती आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. पाऊण तास. शेजारी बसलेल्या गृहस्थाला मी नेहमीसारखं "बाकी काय?" म्हणालो आणि ते माझं मलाच ऐकू आलं. त्यानं आपल्या आईच्या आजाराबद्दल सांगायला सुरुवात केली, मी ऐकून घेतलं. एवढं लांबलचक मी कुणाचं ऐकलेलं मला आठवत नाही.

तिनं किरणांचा मार्ग धरला तर? ती दोन वर्षांत गेली तर? तिला विचारलं याची मला मोठीच किंमत मोजावी लागेल, असं वाटत होतं. डॉक्टरांच्या दारावर थाप मारून आत घुसावं असं तीनदा वाटलं.

ती बाहेर आली. "ऑपरेशन करायचं," म्हणाली.

"मग मी तरी काय म्हणत होतो!" सवय कुठं जाते?

"तुम्ही म्हणालात म्हणून नाही." ती माझ्या शेजारी बसली. "सगळं विचारलं मी. किती वर्षं, किती त्रास, गिळता येईल का, जखमेला कुबट वास येईल का. तेजलचं मूल बघायचंय मला. आवाज राहिला आणि मी गेले, तर तुम्ही घरात टेपा लावून बसाल. ते नको." जरा थांबून म्हणाली, "पण यंत्र असलं नको."

आम्ही नाझनीन मॅडमकडे गेलो. शैलानं 'बाकी'ची गोष्ट सांगितली तशी त्या पांढऱ्याफटक पडल्या. "आम्हाला वाटायचं ती चूक आहे," त्या म्हणाल्या. "दोन पेशंटनी ऑपरेशननंतर गळ्याला लावलेला माईकचा पट्टा काढून फेकला. म्हणाले, हे भलतंच बोलतं. एकाच्या घरात तर मोठा तमाशा झाला. काकू, खरं सांगते, बोलायचं कुठलं आणि गिळायचं कुठलं हे त्या स्नायूंना कळत नाही. तयारी दोन्हीची सारखीच असते. मग यंत्राला तरी कसं कळणार?"

"स्टँडवर बटण होतं," शैला म्हणाली.

"कसलं बटण?"

"माईकच्या खाली. दाबलं की माझा आवाज स्टँडभर. सोडलं की माझा मला." ती पहिल्यांदा जराशी हसली. "सव्वीस वर्षं त्या केबिनमध्ये बटण सोडून मी काय काय बोललेय, ते यांना कुठं माहीत? गाड्यांना, साहेबांना, यांनासुद्धा. मोठ्यानं. घरी बटण नव्हतं, म्हणून गिळावं लागलं."

 एवढ्या मोठमोठ्या लोकांनी यंत्रालाच शहाणं करायच्या खटपटी केल्या होत्या. माणसाच्या बोटाखाली एक बटण द्यावं हे कुणाला सुचलं नव्हतं.

ते बटण मी बनवलं. गोदामात जुन्या सभांच्या वेळचा एक घोषणेचा माईक पडला होता, त्याची स्प्रिंग काढली, घासून पुसून लहानशा डबीत बसवली. शैलाच्या मुठीत मावेल अशी. दाबलं की बारीक 'टक' होतं. न ऐकलेली पाच तासांची बाकी अजून मशिनीत होती. ती एका पेनड्राइव्हवर उतरवून, मशिनीतली पुसून, मी तिच्या हातात दिली. ऐकायची इच्छा नव्हती असं नाही. खूप होती. तिनं तो ड्राइव्ह कुठं ठेवला ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर म्हणाले, गाठ पुरती निघाली. दीड महिन्यानं जखम भरल्यावर तिच्या गळ्याला माईकचा पट्टा बसवला. चोवीस चॅनेलचे तीन डबे खिडकीजवळच्या टेबलावर आहेत. नाझनीन मॅडम म्हणतात, लवकरच हे सगळं पट्ट्यातच मावेल. मला बसवलं होतं त्या खुर्चीभोवतीची जुनी चौकट मी काढायला गेलो तेव्हा शैलानं हात धरला. आठ माईक तिथं ठेवायला लावले, माझ्या 'बाकी'ची पट्टी पडद्यावर ठेवायला लावली. तिला रोज सकाळी ती सरळ रेघ बघायची असते की काय, कोण जाणे.

पट्टा लावल्याच्या पहिल्या सकाळी मी चहा केला. दोन कप घेऊन आलो, मग तिचं 'चहा मला नकोय' आठवलं आणि एक परत नेऊन ठेवला. तिच्यासाठी कोमट पेज आणली. चौकटीच्या खुर्चीत बसलो. सांगण्यासारखं खूप साठलं होतं. तेजलचा फोन आला होता. वहिनी विचारून गेल्या होत्या. स्टँडवरच्या कंट्रोलरनं तिच्यासाठी फुलं पाठवली होती, ती सुकायच्या आत दाखवायची होती. यंत्र कसं चालतंय ते बघायचं होतं. तारीख, औषधं, पुढची तपासणी.

"बाकी काय?" मी म्हणालो.

आणि थांबलो. खरंच थांबलो. हे सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं होतं. दात घट्ट मिटून मी ते खाली ढकललं. घसा दुखला. एवढं दुखतं हे मला माहीत नव्हतं.

पडद्यावर तिची बाकीची पट्टी हलली. बरीच हलली. बटणाचा आवाज आला नाही. काय होतं ते तिचं तिच्यापाशी राहिलं. मी डब्यांकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पडद्यावर खालच्या कोपऱ्यात बघत होती, जिथं माझी पट्टी होती.

माझ्या सरळ रेघेवर एक उंचवटा आला होता.

ती तो किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. पेज गार झाली. मी काहीच बोललो नाही. मग तिची मूठ आवळली.

टक.

"सांगते," स्टँडवरचा आवाज घरभर झाला. "नीट टेकून बसा. वेळ लागेल."